चाचा व्हायचं तर नीट व्हा : एलिट डेंजरसमध्ये लूटमार कशी खेळावी

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. मागच्या एका धाग्यात कळलं की इथे एलिट डेंजरस खेळणारे बरेच जण आहेत म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मी गेली काही वर्षं या गेममध्ये फक्त चाचेगिरी करतो. मायनिंग नाही, एक्स्प्लोरेशन नाही, दुसऱ्याचा माल लुटणे एवढंच. आणि मला मनापासून वाटतं की हा रोल या गेममधला सगळ्यात सुंदर रोल आहे आणि सगळ्यात वाईट पद्धतीने खेळला जाणाराही हाच आहे.

वाईट म्हणजे काय, तर लोक लेझर लावून एखादं जहाज उडवतात आणि स्वतःला पायरेट म्हणवतात. अरे माल कुठाय? जहाज फुटलं की त्यातला माल बहुतेक गेलाच, तुझ्या हाती काय लागलं? चाचा माल घ्यायला येतो. ज्याला माल नकोय, समोरच्याचं नुकसान झालेलं फक्त बघायचंय, तो गँकर. त्याने स्वतःला गँकर म्हणावं, आमचं काही म्हणणं नाही, पण आमचं नाव वापरू नये.

जे हा गेम खेळत नाहीत त्यांच्यासाठी दोन वाक्यं. १९८४ मध्ये केंब्रिजमधल्या दोन पोरांनी, डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी, बीबीसी मायक्रोवर एलिट नावाचा गेम केला. त्यातही व्यापार करा नाहीतर दरोडे घाला असं दोन्ही होतं आणि दरोडे घातले की तुमच्या नावापुढे फ्युजिटिव्ह लागायचं. त्याचाच आताचा वारस म्हणजे डेंजरस, २०१४ च्या डिसेंबरात आला, आपली अख्खी आकाशगंगा खऱ्या मापात, ४०० अब्ज तारे, आणि त्यात तुम्ही एक जहाज घेऊन. ओपन मोडमध्ये खेळलात तर बाकीचे खरे खेळाडू भेटतात, सोलोमध्ये कुणीच नाही, आणि प्रायव्हेट ग्रुपमध्ये ठरावीक लोक.

तर माझा मुद्दा असा आहे की ज्याला लुटलं त्याने घरी जाऊन ती गोष्ट कुणाला तरी सांगितली पाहिजे, चिडून नाही, "अरे काल काय झालं ऐक" अशी. ते जमलं तर तुम्ही चाचा. त्यासाठी मी काय काय करतो ते लिहितो, तुम्हीही भर घाला.

पहिली गोष्ट वेळ. सुपरक्रूझमध्ये, म्हणजे सिस्टिममधल्या वेगवान प्रवासात, तुम्ही एखाद्याच्या मागे लागून इंटरडिक्ट केलंत, म्हणजे त्याला त्या वेगातून बाहेर खेचलंत, की शहाणा व्यापारी झटापट करत नाही, थ्रॉटल शून्यावर आणून सबमिट करतो, म्हणजे स्वतःहून थांबतो, कारण सबमिट केलं की त्याचा ड्राइव्ह लवकर थंड होतो. झटापट करून हरला तर जहाजालाही मार आणि थांबायलाही जास्त लागतं. म्हणजे सबमिट केल्यापासून तो दुसऱ्या सिस्टिमला उडी मारेपर्यंत तुमच्याकडे जेमतेम अर्धं मिनिट असतं. या अर्ध्या मिनिटात तुम्हाला त्याला घाबरवायचंय, मागणी सांगायचीय, आणि त्याचा विश्वासही मिळवायचाय. लोक इथे निबंध लिहायला बसतात. "अरे दुर्दैवी प्रवाशा, तू आता अमुक टोळीच्या हद्दीत" वगैरे, तोवर तो गेलेला असतो. माझी ओळ आधीच ठरलेली असते, व्हॉइस कमांडचं सॉफ्टवेअर लावलंय, एक शब्द बोललो की टाइप होते. इंग्रजीतच असते कारण आपल्या रात्री समोर बहुतेक युरोपातले नाहीतर अमेरिकेतले लोक असतात. मराठीत सांगायचं तर एवढंच : "इंजिन थांबव. १५ टन प्लॅटिनम. बाकीचं तुझं. शब्द देतो."

आकडा, मालाचं नाव आणि शब्द, बस एवढं असलं तरी पुरतं.

नवा_वैमानिक

भारी लिहिलंय दादा. पण त्याच्याकडे प्लॅटिनम आहे हे कळतं कसं? आणि जहाजात काय काय लावायला लागतं? माझ्याकडे कोब्रा आहे फक्त.

रात्रपाळी

@नवा_वैमानिक कोब्रा मार्क थ्री चालेल की, सुरुवात तिथूनच कर. वेग चांगला आहे तिला. लागणारी वस्तू एक म्हणजे एफएसडी इंटरडिक्टर, त्याच्याशिवाय कुणाला सुपरक्रूझमधून खेचता येत नाही. दुसरं मॅनिफेस्ट स्कॅनर, हा लावून रोखून धरलं की समोरच्याच्या पोटात काय आहे ते दिसतं. तिसरं हॅच ब्रेकर लिंपेट, हे छोटे ड्रोन जाऊन त्याच्या कार्गो हॅचला चिकटतात आणि थोडा माल बाहेर सांडवतात. आणि कलेक्टर लिंपेट, नाहीतर एकेक कॅनिस्टर स्वतः स्कूपने उचलत बसावं लागतं आणि तोवर पोलीस येतात. लिंपेट पण कार्गोतच जागा खातात, एक लिंपेट म्हणजे एक टन, त्यामुळे जागेचा हिशोब आधी कर.

पण हॅच ब्रेकर हा शेवटचा उपाय धर. माझ्या मते चांगल्या लुटीत तो वापरावाच लागत नाही, समोरचा स्वतः माल टाकतो. आणि त्याने पॉइंट डिफेन्स लावला असेल तर तुझे लिंपेट वाटेतच उडतील, ते वेगळंच.

आणखी एक महत्त्वाचं, जे बऱ्याच जुन्या लोकांनाही माहीत नसतं. माल टाकताना दोन पर्याय असतात, जेटिसन आणि अबँडन. जेटिसन केला तर तो माल त्याच्याच नावावर राहतो, तू उचललास की चोरीचा शिक्का बसतो आणि मग तो फक्त ब्लॅक मार्केट असलेल्या स्टेशनावरच खपतो. अबँडन केला तर सोडून दिलेला माल, कुणीही उचलावा. मी मागणीतच सांगतो की अबँडन कर. काहींना वाटतं की चोरीचा शिक्का असलेला माल लपवत ब्लॅक मार्केटला नेणं हाच खरा पायरेटचा खेळ, तेही बरोबर आहे, मीही कधीकधी मुद्दाम तसं करतो. सायलेंट रनिंग लावून, म्हणजे जहाज रडारवर दिसेनासं करून, स्कॅन व्हायच्या आत स्टेशनात घुसायचं, छातीत धडधडतं.

गोणपाट

मी व्यापारी आहे आणि मी स्पष्ट बोलणार आहे.

मला दिवसात एक तास मिळतो. पोरगी झोपली की साडेदहाला बसतो, साडेअकराला बंद. त्या तासात मी रिंगमध्ये जाऊन खणलं, माल भरला, आणि स्टेशनला जाताना कुणीतरी येऊन मला खेचलं आणि उडवलं. चार दिवसांची मेहनत. असं तीनदा झाल्यावर मी ओपन सोडलं आणि मोबियस नावाच्या प्रायव्हेट ग्रुपमध्ये गेलो जिथे खेळाडूंनी एकमेकांवर हल्ला करायचा नाही असा नियमच आहे. आता तिथे शांत आहे.

तुम्ही म्हणता गोष्ट मिळाली पाहिजे. मला गोष्ट नको होती हो. मला माझा माल विकायचा होता. तुमची करमणूक व्हावी म्हणून मी का लुटलं जायचं? तुम्ही कितीही सभ्य बोललात तरी बंदूक तुमच्याकडे आहे.

रात्रपाळी

@गोणपाट तुमचं म्हणणं मनापासून पटतं. खरंच. आणि मी असं अजिबात म्हणणार नाही की "ओपनमध्ये आलात म्हणजे तयारीने यायला हवं होतं", हे वाक्य गँकर लोकांनी इतकं झिजवलंय की मला ते तोंडातही घ्यावंसं वाटत नाही.

पण हिशोब मांडून बघू या का? तुम्ही पायथन घेऊन १८० टन प्लॅटिनम नेताय. टनाला दोन लाख क्रेडिट धरले तर साडेतीन कोटींच्या वर माल. जहाज गेलं तर हा सगळा माल गेला, वर रीबाय, म्हणजे तेच जहाज परत मिळवायचा खर्च. पायथनची किंमत पावणेसहा कोटींच्या आसपास, त्याचे पाच टक्के, म्हणजे नुसत्या रिकाम्या सांगाड्याचेच २८ लाख, मॉड्यूलचे वेगळे. मी १५ टन मागतो. तीस लाख. म्हणजे तुमच्या मालाचा बारावा भाग. तुमचा एक तास वाया गेला का? पाच मिनिटं गेली. तासातली पाच मिनिटं, आणि त्या पाच मिनिटांत तुम्ही जागे होतात, हात थरथरत होते.

म्हणून मी मागणी कधीच रीबायच्या फार वर नेत नाही आणि मालाच्या दहाव्या भागाच्या फार पुढे जात नाही. ज्याला सगळं हवं असतं त्याला काहीच मिळत नाही कारण समोरचा म्हणतो मरायचंच आहे तर पळून बघतो. ज्याचं जहाज रिकामं आहे किंवा जो साइडवाइंडरमध्ये बसलेला नवखा आहे त्याला मी थांबवतच नाही, चुकून खेचलं तर "शुभप्रवास" लिहून निघून जातो.

आणि एक प्रसंग सांगतो, याच्यामुळेच मी हा धागा काढला खरं तर.

मागच्या महिन्यात एका कम्युनिटी गोलच्या सिस्टिममध्ये होतो. असे गोल लागले की शेकडो लोक एकाच स्टेशनला माल आणतात, आमच्यासारख्यांची जत्राच. एक पायथन दिसली, स्कॅन केली, भरलेली. खेचली. त्याने सबमिट केलं. मी माझी ओळ टाकली आणि त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो, बंदुका बाहेर काढून पण न झाडता. दहा सेकंद काहीच नाही. मग त्याने लिहिलं, "थांब थांब, कसं करायचं माहीत नाही". म्हणजे माल टाकायचं बटण कुठाय तेच त्याला माहीत नव्हतं! मी लिहिलं, उजव्या पॅनेलला जा, इन्व्हेंटरी, प्लॅटिनम, अबँडन. त्याने घाबरून आकडा चुकीचा टाकला आणि २० कॅनिस्टर बाहेर आले. अंधारात ते हळूहळू फिरत पसरले, मागे त्या ग्रहाची रिंग चमकत होती. माझे कलेक्टर सुटले आणि १५ उचलले. मी कलेक्टर थांबवले, बंदुका आत घेतल्या आणि लिहिलं, "१५ ठरले होते. ५ तुझे आहेत. उचल, मी थांबतो."

त्याने बराच वेळ काही केलं नाही. मग त्याची कार्गो हॅच उघडली आणि ती एवढी मोठी पायथन हळूहळू, अगदी म्हातारी बाई पदर सावरत पाणी भरते तशी, एकेक कॅनिस्टर उचलत फिरली. एकदा चुकली, वळून परत आली. पाच उचलेपर्यंत मी तिथेच पहाऱ्याला उभा होतो कारण दुसरा कुणी येऊन त्याला मारलं असतं तर माझा शब्द गेला असता. जाताना त्याने विचारलं, तुझं जहाज कुठलं. मी म्हटलं क्लिपर, नाव गुराब. त्याने मला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवली.

जुनाजाणता

गुराब! वा. नाव वाचून बरं वाटलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गुराब म्हणजे आपल्या आरमारातलं मोठं लढाऊ जहाज, दोन नाहीतर तीन डोलकाठ्यांचं, आणि गलबत त्याहून लहान, वल्ह्यांवर चालणारं, चपळ. वारा पडला की गलबतंच गुराबांना ओढून नेत. त्या हिशोबाने तुझ्या क्लिपरला गुराब म्हणणं थोडं चूक आहे, क्लिपर धावणारी आहे, ती गलबत जास्त शोभते. पण असो.

मला मात्र एक गोष्ट इथे नोंदवायचीच आहे कारण असा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं की कान्होजी आंग्रे पण पायरेट होते. नव्हते. कान्होजी मराठा आरमाराचे सरखेल होते, छत्रपतींनी दिलेला हुद्दा. मुंबईतले इंग्रज त्यांना पायरेट म्हणत कारण त्यांची जहाजं कान्होजी अडवत. ज्या समुद्रावर आपली सत्ता आहे तिथून जाणाऱ्याने दस्तक घ्यावं, म्हणजे परवाना, हा त्यांचा नियम होता आणि पोर्तुगीज त्याआधीपासून त्यांचे कर्ताझ, म्हणजे तसेच परवाने, विकत घ्यायला लावतच होते की, त्यांना कुणी पायरेट म्हटलं नाही. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरचं सशस्त्र जहाज कान्होजींच्या आरमाराने पकडलं आणि ३०,००० रुपये घेऊन सोडलं. त्या जहाजावर एक इंग्रज बाई होती, तिलाही त्या खंडणीनंतरच सोडलं.

म्हणजे कुणाला चाचा म्हणायचं हे समुद्र कुणाचा यावर ठरतं. गेममध्ये रोल घेताना हा विचार करा. तुमचं पात्र स्वतःला काय म्हणतं?

धूमकेतू_७

@जुनाजाणता काका तुमच्या पोस्टवरून मला एकदम सुचलं. दस्तक!! आपण गेममध्ये दस्तक द्यायचं. म्हणजे समजा रात्रपाळीने कुणाला लुटलं आणि त्याने गुपचूप १५ टन दिले, तर त्याला एक आठवड्याचं दस्तक. आपल्या गटातला कुणीही आठवडाभर त्याला अडवणार नाही, त्याने फक्त नाव सांगायचं आणि आम्ही यादीत बघणार. यादी डिस्कॉर्डवर ठेवता येईल. बाहेरच्या कुणी त्याला त्रास दिला तर आम्ही मदतीला पण जाऊ जर जवळ असलो तर.

रात्रपाळी

@धूमकेतू_७ राव हे फार भारी आहे. मला हे सुचायला हवं होतं. करू या.

@जुनाजाणता काका, चूक दुरुस्त करतो, कान्होजींबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के मान्य आणि म्हणूनच मी जहाजाला गुराब नाव दिलं, चाचा म्हणून नाही, तर आपल्या पाण्यात आपला हक्क सांगणारं म्हणून. पण क्लिपर म्हणजे गलबत हे पटलं. नवीन वाइपर घेणार आहे तिला गलबत नाव देतो.

पायथनवाली

खूप दिवसांनी इथे लॉगिन केलं फक्त या धाग्यासाठी.

मी दोन्ही बाजूंनी खेळलेय. मला चार वेळा लुटलंय आणि मी पण वर्षभर लुटत होते. तेव्हा @गोणपाट यांचं दुःख पण कळतं आणि @रात्रपाळीचा आनंद पण. एक मुद्दा कुणी काढलेला नाही तो काढते. तो म्हणजे पात्र.

बहुतेक जण पायरेट म्हटलं की सिनेमातला पायरेट करतात. "आर्रर्र" वगैरे, रम, पोपट. अहो ३३०० च्या पुढच्या सालात आकाशगंगेत रम आणि पोपट कशाला? या गेमच्या जगात गरिबी आहे, गुलामगिरी आहे, साम्राज्यात गुलाम विकत मिळतात म्हणजे कमोडिटी मार्केटमध्ये चक्क "इम्पिरियल स्लेव्हज" अशी ओळ असते. मोठमोठ्या कंपन्या आहेत, त्या सिस्टिम चालवतात. अशा जगात माणूस चाचा का होतो याची उत्तरं भरपूर आहेत, एक निवडा आणि त्याला धरून राहा. माझं पात्र म्हणजे एक बाई, ती एका मोडीत निघालेल्या खाणीच्या स्टेशनावर वाढलेली होती, तिथलं पाणी कंपनीने बंद केलं होतं. ती फक्त पाणी, अन्न, औषधं नेणाऱ्या जहाजांना हात लावायची नाही, उलट अशा जहाजाला स्कॅन केलं की "जा बाई लवकर पोच" असं लिहायची. आणि गुलाम नेणाऱ्याला मात्र सोडायची नाही, सगळे गुलाम टाकायला लावायची आणि उचलून सोडवायची. ते काही करून दाखवायचा पर्याय गेममध्ये नाहीये पण मी त्यांना एका ठरावीक स्टेशनच्या बाहेर नेऊन तिथे सोडायचे, विकायचे नाही. माझ्यासाठी ते सुटले.

हे कुणाला दिसतं का? नाही दिसत. पण ज्याला मी लुटलं त्याला मी दोन ओळींत सांगायचे की का लुटलं. आणि त्यातला एक जण मला म्हणाला की तुझं कारण माझ्यापेक्षा चांगलं आहे, मी तर फक्त पैशासाठी नेतोय.

आणि बोलण्याची पद्धत. शिवी देऊ नका. मला ज्याने सगळ्यात वाईट लुटलं तो पूर्णवेळ मला बाई म्हणून घाणेरडं बोलत होता, ते पात्र नव्हतं, तो स्वतः होता. आणि ज्याने सगळ्यात छान लुटलं त्याने सुरुवातीलाच लिहिलं, "कमांडर, आज तुमचा दिवस वाईट आहे पण शेवटचा नाही." मला अजून पाठ आहे.

गोणपाट

@पायथनवाली ताई तुमची पोस्ट वाचून थोडा विचारात पडलो. खोटं बोलत नाही.

@रात्रपाळी तुमचा प्रसंग पण दोनदा वाचला. माझा राग त्या तिघांवर होता जे एक शब्द न बोलता आले आणि उडवून गेले. तुम्ही म्हणता तसं कुणी मला कधी भेटलंच नाही. भेटलं असतं तर मी मोबियसमध्ये गेलो असतो का माहीत नाही.

एक शंका. तुम्ही म्हणता शब्द देतो, पण मी का विश्वास ठेवू? तुम्ही माल घेतल्यावर मला मारणार नाही याची हमी काय?

काळे_निशाण

@गोणपाट हा फार मूळ प्रश्न आहे आणि याचं उत्तर खऱ्या समुद्रावरच्या चाच्यांनी ३०० वर्षांपूर्वी दिलंय.

अटलांटिक आणि कॅरिबियनमधले चाचे काळं निशाण लावायचे त्याचा अर्थ "मारणार" असा नव्हता. अर्थ होता, शरण या, जीव वाचेल. लाल निशाण लागलं तर मात्र दयामाया नाही. ही पद्धत चालली कशी, तर शरण आलेल्यांना बहुतेक वेळा खरंच सोडलं जायचं, ते बंदरावर जाऊन सांगायचे, आणि पुढचं जहाज काळं निशाण बघून न लढताच थांबायचं. लढाई कुणालाच नको असते, चाच्याला तर अजिबात नाही, त्याच्याकडे जखमींसाठी दवाखाना नाही की जहाज दुरुस्तीला गोदी नाही. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सने शेकडो जहाजं धरली, त्यातली कितीतरी न लढता शरण आली, नुसत्या नावाच्या धाकाने. त्याच्या जहाजावर लेखी करार होता, लूट कशी वाटायची, जुगार खेळायचा नाही, रात्री आठनंतर दिवे बंद, लढाईत हातपाय गेला तर भरपाई किती. शिस्त होती.

म्हणजे हमी एकच, नाव. रात्रपाळीने एकदा जरी माल घेऊन मारलं तर तो निरोप पसरायला एक रात्र पुरते, कम्युनिटी छोटी आहे. मग पुढच्या वेळी त्याची ती ओळ बघून कुणी थांबणार नाही. त्याचं सगळं भांडवल त्या एका ओळीत आहे.

उलटंही खरं आहे. जो पळाला, ज्याने उलट गोळीबार केला, त्याला मारायलाच लागतं. नाहीतर धमकीला अर्थ नाही. हे कडू आहे पण मला यात पळवाट दिसत नाही.

रात्रपाळी

@काळे_निशाण अगदी. शेवटचा मुद्दा मलाही जड जातो. मी सिग्नलसाठी आधी शिल्ड पाडतो, मग परत एकदा विचारतो, मग ड्राइव्हवर नेम धरतो, म्हणजे पळता येणार नाही पण जहाज राहील. अगदी शेवटी मारतो. आणि मारलं की नोटोरिटी, म्हणजे बदनामीचे पॉइंट, वाढते, ती एकेक पॉइंट उतरायला खेळात दोन दोन तास घालवावे लागतात, तोवर डोक्यावर लागलेली बाउंटीही पैसे भरून मिटवता येत नाही. मला ती शिक्षा योग्य वाटते. चाच्याने खून केला की त्याला महाग पडलंच पाहिजे.

धडाका

एवढं काय लावलंय, गेम आहे. डेशियाट सिस्टिमला या एकदा, तिथल्या फार्सियर या इंजिनियरकडे इंजिन अपग्रेड करायला आलेल्यांना उडवायला काय मजा येते. माल बिल कशाला. ओपन आहे, सगळ्याला परवानगी आहे.

पायथनवाली

@धडाका परवानगी आहे हे कुणी नाकारलेलं नाही. पण डेशियाटला येणारे बहुतेक नवे असतात, त्यांना पहिल्यांदा फार्सियरकडे ड्राइव्ह सुधारायला यायचं असतं, त्यांच्याकडे ना माल असतो ना लढायची ताकद. त्यातला एखादा उडवला गेल्यावर ओपन सोडतो आणि कायमचा सोलोत जातो. मग आपण लुटायचं कुणाला? तुमच्या मजेने आमचा धंदा बुडतो, अगदी सरळ सांगते.

धडाका

हा मुद्दा बरोबर आहे. याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

रात्रपाळी

@धडाका मोठ्या मनाने लिहिलंत. तुमचा नेम चांगला असणार, डेशियाटला टिकून राहणं सोपं नाही. चाच्यांच्या टोळीला पहारेकरी लागतो, आम्ही माल गोळा करत असताना बाउंटी हंटर आले तर त्यांना अडवणारा. त्यात लढाईच लढाई आहे आणि समोरचे पण लढायला आलेले असतात. विचार करा.

नवा_वैमानिक

दादा मी काल पहिली लूट केली!! कोब्रातून. एक टाइप सेव्हन मालवाहू होती, सोनं भरलेली. हात एवढे घामेजले होते की माउस सटकत होता. मी ५ टन मागितले. त्याने विचारलं "फक्त ५?" मी म्हटलं माझी कोब्रा लहान आहे, जास्त मावणार नाही. त्याने ८ टाकले. म्हणाला पहिल्यांदा आहेस ना, कळतं. लुटलेल्याने मलाच जास्त दिलं, असं होतं का कधी?

रात्रपाळी

@नवा_वैमानिक होतं. क्वचित होतं पण होतं. त्याचं नाव लिहून ठेव, पहिलं दस्तक त्याला.

धूमकेतू_७

दस्तकाची यादी सुरू केली आहे. मसुदा असा : नाव, तारीख, कुणी दिलं, किती टन, कधीपर्यंत. मुदत सात दिवस. दस्तक असलेल्याला आपल्यातल्या कुणी अडवलं तर अडवणाऱ्याने घेतलेला माल दुप्पट परत द्यायचा. सध्या सहा जण तयार आहेत. ज्यांना वाटतं यात रोलची मजा जाते त्यांनी बोला.

काळे_निशाण

मजा जाणार नाही, वाढेल. फक्त एक बदल सुचवतो, दस्तक विकत मिळता कामा नये. पैसे देऊन घेता आलं तर तो नुसता टोल झाला. ते फक्त अंधारात, समोरासमोर, माल टाकूनच मिळावं.

जुनाजाणता

इतिहासात दस्तक विकतच मिळायचं, पण गेमसाठी काळे_निशाण म्हणतात ते बरोबर. अनुमोदन.

गोणपाट

घरात विचारलं. शनिवारी रात्री मला दोन तास मिळालेत.

मी ओपनमध्ये येतोय. टाइप सेव्हन, पोटात सोनं, पॉइंट डिफेन्स लावलाय आणि इंजिनं सुधारून घेतलीत, म्हणजे सोपा बकरा समजू नका. कम्युनिटी गोलच्या सिस्टिममध्ये असेन अकरानंतर. मी कोणत्या बाजूने येणार ते सांगणार नाही. ज्याने मला पकडलं त्याने आधी बोलायचं एवढीच अट. नाही पकडलं तर रविवारी इथे येऊन सांगीन की कसा निसटलो.

रात्रपाळी

@गोणपाट मी असेन. धूमकेतू पण असेल. सूट मिळणार नाही हं, १५ टन.

गोणपाट

आधी पकडा.